रहिवासी कोणाला म्हणावे? पवित्र शास्त्रातील काही इब्री शब्द



आपल्या पवित्र शास्त्रात ‘रहिवासी’ हा शब्द इतक्या वेळा येतो की वाचताना तो डोळ्यांखालून निसटून जातो. यरुशलेमेचे रहिवासी, यरीहोचे रहिवासी, देशाचे रहिवासी. मराठीत शब्द एकच. पण जुन्या कराराच्या मूळ इब्री भाषेत गावातल्या माणसांसाठी निदान सात-आठ शब्द आहेत आणि प्रत्येक शब्द त्या माणसाचे गावाशी असलेले नाते वेगळे सांगतो. कोणी जमिनीचा धनी, कोणी मजुरीला आलेला, कोणी नुसता वेशीतून ये-जा करणारा.

हा विषय मी घेतला त्याला कारण पुरुषोत्तमनगर. ज्यांनी हा भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. शहादा तालुक्यातले हे गाव सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्यामुळे ओळखले जाते. दिवाळीच्या आगेमागे गाळप सुरू होते आणि या ऊसपट्ट्यात तोडणीच्या टोळ्या उतरतात. धडगाव, अक्कलकुव्याकडची पावरा आणि भिल्ल कुटुंबे मुकादमाची उचल अंगावर घेऊन डोंगर सोडतात. त्यांतली पुष्कळ तर थेट गुजरातेत बारडोली-सुरतेकडे जातात. मोकळ्या रानात पाचटाच्या आणि प्लास्टिकच्या कोप्या उभ्या राहतात. होळी जवळ आली की या लोकांचे चित्त डोंगराकडे लागते, पण पट्टा पडेपर्यंत बहुतेकांना हलता येत नाही. असे पाच-सहा महिने जातात. या काळात हे लोक इथले, की इथले नव्हेत? शाळेत, रेशन दुकानात, दवाखान्याच्या खिडकीवर हा प्रश्न एकाच वाक्यात विचारला जातो: ‘रहिवासी कुठले?’

पवित्र शास्त्र या प्रश्नाला कोणकोणत्या शब्दांनी सामोरे जाते, ते पाहू.

सर्वांत जास्त वेळा येणारा शब्द ‘योशेव’. अनेकवचनी ‘योशवीम’, आणि गावाचे नाव पुढे आले की ‘योशवे’. याचे मूळ ‘याशाव’ या क्रियापदात आहे आणि त्याचा साधा अर्थ ‘बसणे’. म्हणजे गावचा रहिवासी तो, जो त्या गावात बसला आहे. मराठीत ‘ग्रामस्थ’ म्हणजे गावात स्थित असलेला, ‘स्था’ धातूमुळे उभा असलेला; इब्री माणूस मात्र गावात खाली बसतो. राजा सिंहासनावर बसतो त्यालाही ‘योशेव’च म्हणतात, त्यामुळे आमोसाच्या पहिल्या अध्यायात हा शब्द रहिवाशाला उद्देशून आहे की गादीवरच्या राजाला, यावर भाषांतरकारांचे आजही एकमत नाही. दुसऱ्या स्तोत्रात स्वर्गात बसलेल्या परमेश्वरासाठी हाच शब्द आहे. याच मुळापासून ‘मोशाव’ हा शब्द निघतो. मूळ अर्थ बसण्याची, राहण्याची जागा. आजच्या इस्राएलात मोशाव म्हणजे सहकारी तत्त्वावर शेती करणारे गाव. १९२१ साली नहलाल येथे असे पहिले गाव वसले. सहकारी कारखान्याच्या सावलीत राहणाऱ्या आपल्या लोकांना हा शब्द परका वाटू नये.

लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की ‘योशेव’ या शब्दात मालकीचा काही उल्लेख नाही. माणूस बसला आहे, एवढेच तो शब्द सांगतो.

मालकीसाठी शब्द वेगळा आहे: ‘बआल’. शास्त्यांच्या नवव्या अध्यायात अबीमलेखाची हकीकत आहे. तिथे शखेम नगराच्या लोकांना वारंवार ‘बआले शखेम’ म्हटले आहे. शौलापासून पळणारा दावीद कईला नगरात थांबतो आणि परमेश्वराला विचारतो की इथले लोक मला धरून देतील काय. तिथेही ‘बआले कईला’ असा शब्द आहे. बआल म्हणजे धनी, मालक आणि नवरासुद्धा. आपल्याकडे जुन्या बायका नवऱ्याला ‘मालक’ म्हणत, तसेच हे. (कनानी लोकांच्या दैवताचे नावही यातलेच.) म्हणून बआले शखेम म्हणजे गावातले वजनदार, घरदार-जमीनजुमला असलेले लोक, ज्यांच्या शब्दावर गावाचे निर्णय होतात. गावात बसलेला प्रत्येक जण बआल नव्हता. भाषांतरात दोघेही ‘रहिवासी’ किंवा ‘लोक’ होतात आणि हा फरक पुसला जातो.

गावातल्या अधिकाराची आणखी एक खूण म्हणजे वेस. उत्पत्तीच्या तेविसाव्या अध्यायात अब्राहाम सारेला पुरण्यासाठी हेथींकडून जागा विकत घेतो. तो व्यवहार ज्यांच्या देखत होतो त्यांना इब्रीत ‘बाए शआर इरो’ म्हटले आहे, म्हणजे ‘त्याच्या नगराच्या वेशीतून आत येणारे’. चौतिसाव्या अध्यायात शखेमच्या लोकांना याच्या उलट ‘वेशीतून बाहेर जाणारे’ म्हटले आहे. दोन्हींचा अर्थ नगरातले कर्ते पुरुष. न्याय वेशीत होई, खरेदीविक्री वेशीत होई. आपल्याकडे ‘वेशीबाहेर’ आणि ‘गावकुसाबाहेर’ या शब्दांनी किती पिढ्यांचे आयुष्य ठरवले, ते मी सांगायला नको. अनुवादात गरिबांविषयीच्या आज्ञा पुन्हापुन्हा ‘तुझ्या वेशींच्या आत’ असलेल्या परक्याचे, अनाथाचे, विधवेचे नाव घेतात. मोशेचे नियमशास्त्र त्यांना आधी वेशीच्या आत घेते आणि मग त्यांच्याविषयी बोलते.

एक शब्द मला सातपुड्यात फिरताना हटकून आठवतो: ‘बानोत’, म्हणजे मुली. गणनेच्या एकविसाव्या अध्यायात इस्राएल लोक हेशबोन आणि ‘तिच्या सर्व मुली’ यांत वस्ती करतात. या मुली म्हणजे त्या नगराच्या भोवतालची लहान खेडी. भाषांतरात ती खेडीच होतात. मोठे नगर आई, तिच्या आश्रयाच्या वस्त्या लेकी. धडगावकडे एका गावाचे नाव विचारावे तर माणूस पाड्याचे नाव सांगतो, कारण गाव म्हणजे डोंगरउतारावर विखुरलेले कितीतरी पाडे. कागदावर गाव एक. चालायला मात्र एका पाड्यावरून दुसऱ्यावर जायला ओढा उतरून टेकाड चढावे लागते. इब्री लेखकाला हे समजावून सांगावे लागले नसते.

आता गावावरून पडणारी नावे. इब्रीत गावाच्या किंवा कुळाच्या नावाला ‘ई’ जोडली की तिथला माणूस होतो. दाविदाचा बाप इशाय हा ‘बेथ-हल्लाखमी’, म्हणजे बेथलेहेमकर. मराठीतला ‘कर’ हेच काम करतो, आणि या दोन भाषांची गाठ आपल्याच महाराष्ट्रात पडली आहे. कोकणातल्या बेने इस्राएल लोकांचे नावच इब्री आहे, ‘इस्राएलाची मुले’. शतकानुशतके ते रायगडाकडच्या खेड्यांत तेलाच्या घाण्या चालवीत. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांची आडनावे पाहा: पेणकर, रोहेकर, चेऊलकर, दिवेकर, किहीमवरून केहीमकर. परमुलखातून आलेल्या लोकांच्या नावाला गावाने आपले नाव जोडू दिले, आणि तेही त्यांनी आपला शनिवार न सोडता. या समाजाला इब्री शिकता यावी म्हणून मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून इब्री व्याकरण काढले. पुढे त्याच समाजातल्या जोसेफ एझिकेल राजपूरकर यांनी यहुदी प्रार्थनापुस्तके मराठीत आणली. इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युएल केहीमकर हेही त्यांच्यातलेच.

सगळ्यांच्या नावाला नवे गाव चिकटत नाही. उरीया यरुशलेमेत राहतो, दाविदाच्या सैन्यात लढतो, त्याचे घर राजवाड्याच्या गच्चीवरून दिसते, तरी तो शेवटपर्यंत ‘हित्ती’च. रूथ बेथलेहेमात येऊन सरवा वेचते तेव्हा मुकादम तिची ओळख ‘मवाबी मुलगी’ अशीच करून देतो. ती स्वतःला ‘नोख्रिया’ म्हणते, म्हणजे पूर्ण परकी बाई. तिच्या बाबतीत फरक पडतो तो वेशीतच: शेवटच्या अध्यायात वेशीतले लोक आणि वडीलजन तिच्यासाठी आशीर्वाद मागतात.

इथवर गावात मुरलेल्यांची नावे झाली. आता बाहेरून आलेल्यांचे तीन शब्द पाहू. माझ्या मते नियमशास्त्राचे काळीज इथेच आहे.

पहिला ‘गेर’. ‘गूर’ या क्रियापदापासून. आपला मुलूख सोडून दुसऱ्यांच्या आश्रयाने राहणारा. दुसरा ‘तोशाव’. हाही ‘याशाव’पासूनच निघाला आहे, म्हणजे तोही बसलेलाच, पण जमीन नसलेला. हा शब्द बहुधा एकटा येत नाही; कधी ‘गेर’बरोबर येतो, कधी तिसऱ्या शब्दाबरोबर, ‘साखीर’बरोबर. साखीर म्हणजे रोजंदारीचा मजूर. लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायात शब्बाथ वर्षाचे नियम आहेत. त्या वर्षी जमिनीत आपोआप उगवेल ते कोणाचे अन्न? मालकाचे, त्याच्या दासदासीचे, साखीराचे आणि तोशावाचे.

‘तोशाव’साठी आपल्या मराठी पवित्र शास्त्रात ‘उपरी’ हा शब्द भेटतो. आज तो जुनाट वाटतो, पण ज्याने निवडला त्याने फार विचाराने निवडला असावा. मराठेशाहीत गावच्या कुळांचे दोन वर्ग होते. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची, त्याला सहजी काढता येत नसे. उपरी मात्र बाहेरून येऊन कसणारा, आज आहे उद्या नाही. इब्री तोशावाची अवस्था हुबेहूब हीच. पंडिता रमाबाईंनी केडगावात आयुष्याच्या शेवटापर्यंत मूळ इब्री आणि ग्रीकवरून साध्या बायाबापड्यांना कळेल असे मराठी भाषांतर करण्याचा ध्यास घेतला (ते १९२४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले), तो ध्यास अशा एकेका शब्दाशी थांबले की समजतो.

उपऱ्याच्या विरुद्ध टोकाला ‘एझराख’: मातीतलाच, इथेच जन्मलेला. सदतिसाव्या स्तोत्रात हा शब्द आपल्याच जमिनीत रुजलेल्या हिरव्यागार झाडासाठी आला आहे. आजच्या इब्रीत एझराख म्हणजे देशाचा नागरिक आणि तोशाव म्हणजे नुसता रहिवासी. कागदपत्रांवर हेच दोन शब्द चालतात.

आता हे शब्द मनात धरून तीन ठिकाणे वाचा. लेवीय १९:३४ मध्ये परमेश्वर सांगतो की गेराला एझराखासारखे माना आणि त्याच्यावर स्वतःसारखी प्रीती करा, कारण मिसरात तुम्हीही गेर होता. लेवीय २५:२३ मध्ये तो म्हणतो की जमीन माझी आहे, तुम्ही सगळे माझ्याजवळ गेर आणि तोशाव आहात. म्हणजे मिरासदार कोणीच नाही, सारे उपरी. आणि यहेज्केलाच्या सत्तेचाळिसाव्या अध्यायाच्या शेवटी देशाची वाटणी होते तेव्हा ज्या परक्यांना तुमच्यात राहून मुले झाली त्यांना एझराखाप्रमाणे वतनाचा वाटा द्या, अशी आज्ञा आहे. हे शेवटचे वचन प्रवचनात क्वचितच ऐकू येते. प्रीती करा म्हणणे सोपे आहे. सातबाऱ्यावर नाव लावा म्हणणे अवघड.

एक शब्द राहिला, ‘अम हा-आरेत्स’, म्हणजे देशाचे लोक. अब्राहाम ज्यांच्यापुढे आदराने नमन करतो त्या हेथींना हेच नाव आहे. पुढे यहूदी गुरूंच्या काळात याच शब्दाचा अर्थ ‘अडाणी’ असा झाला. आपण ‘गावचा’ वरून ‘गावंढळ’ केला आणि ‘डोंगरी’ या शब्दाची शिवी केली, तसेच ते.

जुन्या करारानंतर यहूदी गुरूंनी या शब्दांना मोजमाप दिले. मिश्ना हा त्यांचा नियमसंग्रह इ. स. २०० च्या सुमारास सिद्ध झाला. त्यात सरळ प्रश्न आहे: माणूस किती काळ गावात राहिला म्हणजे ‘अनशे हा-ईर’, गावची माणसे, यांत धरावा? उत्तर: बारा महिने, पण त्याने राहायला घर विकत घेतले तर त्याच क्षणी. पुढे तलमूदात चर्चा आणखी बारीक होते. एखाद्याने शपथ घेतली की ‘गावच्या माणसांकडून’ काही घेणार नाही, तर तिथे बारा महिने राहिलेल्याकडून त्याने काही घेऊ नये. पण शपथ ‘योशवे हा-ईर’, गावात बसलेल्यांविषयी असेल, तर तीस दिवस राहिलेलाही त्यात आला.

या हिशेबाने आपला ऊसतोड मजूर कुठे बसतो? पाच-सहा महिने म्हणजे तीस दिवसांच्या कितीतरी पुढे आणि बारा महिन्यांच्या अलीकडे. तो योशवे हा-ईर आहे, अनशे हा-ईर नाही. अठराशे वर्षांपूर्वीच्या गुरूंना या मधल्या माणसासाठी वेगळा शब्द लागला आणि त्यांनी तो ठेवला. आपल्याकडे त्याला ‘कोयता’ म्हणतात. नवरा-बायको मिळून एक कोयता; ‘यंदा इतके कोयते आले’ असा हिशेब असतो. हातातल्या अवजारावरून माणूस मोजण्याची ही रीत आपल्याला इतकी सवयीची झाली आहे की ती ऐकताना कोणी दचकत नाही.

तलमूदातली पुढची यादी तर आपल्या मंडळींत मोठ्याने वाचावी अशी आहे. गावात तीस दिवस राहिलेल्याने गरिबांच्या रोजच्या अन्नछत्राला हातभार लावावा, तीन महिने राहिलेल्याने दानपेटीला, सहा महिने राहिलेल्याने गरिबांच्या कपड्यांना, नऊ महिने राहिलेल्याने मृतांच्या दफनाच्या खर्चाला, आणि बारा महिने झालेल्याने गावाच्या तटबंदीला. या सगळ्या मुदती देण्याच्या आहेत. घेण्याला मुदत नाही. एका गावाहून दुसऱ्या गावी जाणाऱ्या गरिबाला निदान एक भाकर द्यावी, तो रात्री मुक्कामाला राहिला तर झोपण्याची सोय करावी, शब्बाथ असेल तर तीन जेवणे द्यावीत, असे मिश्ना सांगते. अन्नछत्र कोणाही गरिबासाठी खुले, दानपेटी त्या गावच्या गरिबांसाठी. भुकेल्याला रहिवासी दाखला कोणी विचारत नाही.

आपल्या कायद्यातही असा फरक आहे, आणि तो टोळ्यांपर्यंत पोहोचवणे हे आपल्या कार्यकर्त्यांचे काम आहे. महाराष्ट्राच्या अधिवास प्रमाणपत्राला पंधरा वर्षांचा रहिवास लागतो, पण मुलाला शाळेत बसवायला तो लागत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही आणि जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला हेही कारण चालत नाही. ‘एक देश, एक रेशन कार्ड’ योजनेमुळे धडगावच्या कार्डावरचे धान्य शहाद्याच्या दुकानातही घेता येते, कार्ड आधारशी जोडलेले असले म्हणजे झाले. मतदार यादीचा नियम तर याच्या उलट बाजूने मदत करतो: तोडणीसाठी काही महिने घर सोडले म्हणून माणूस आपल्या गावचा सर्वसाधारण रहिवासी राहत नाही असे होत नाही, त्याचे नाव डोंगरातल्या यादीतच राहावे. मागच्या हंगामात एका शाळेतून दोन बहिणींना ‘तुमचे गाव हे नव्हे’ म्हणून परत पाठवले होते. कायद्याची प्रत घेऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी त्या वर्गात बसल्या. भांडण करावे लागले नाही. गुरुजींनाही नियम नीट माहीत नव्हता.

या हंगामात कोप्यांवरच्या आपल्या संध्याकाळच्या वर्गासाठी हजेरीची नवी वही केली आहे. तिच्यात पत्त्याचे दोन रकाने आहेत: एकात पाड्याचे नाव आणि दुसऱ्यात ‘सध्या बसलेले ठिकाण’. ज्यांना पावरी बोलता येते अशा दोन तरी स्वयंसेवकांची डिसेंबर ते मार्च या काळात गरज आहे. उतरण्याची सोय शहाद्यात होईल. येताना स्वतःची पांघरुणे आणावीत, तापीकाठी पहाटे थंडी चांगलीच पडते.